आपण भरायची

माझे मेहुणे मला कधी ‘तुम्ही’ म्हणत नाहीत. ‘आपण’ म्हणतात. ‘आपण बसा’, ‘आपण चहा घेणार का’, ‘आपण फार वाचता, डोळे सांभाळा’. धाकट्या बहिणीच्या लग्नात त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की मुलीचा थोरला भाऊ छापखान्यात प्रुफं तपासतो, त्याच्यासमोर जपून बोल. तेव्हापासून बिचारे जपून बोलतात. ते लिफ्ट दुरुस्त करतात, आणि कामावर हाताखालच्या माणसांना कोणत्या शब्दांत हाक मारतात ते मी एकदा जिन्यात उभा राहून ऐकलं आहे. त्यामुळे त्या ‘आपण’मध्ये मान किती आणि गंमत किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

हे आधी सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्याच शब्दानं घातला.

बहिणीची मुलगी विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकते. घरात तिला भिंगरी म्हणतात, कारण लहानपणी ती जेवायलासुद्धा एका जागी बसायची नाही. तिच्या शेवटच्या वर्षाची फी एकदम वाढली. सरकारनं हात आखडता घेतला म्हणे. बहिणीनं सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना बोलावलं. सगळे म्हणजे ती, मेहुणे, औषधांच्या गोदामात नोकरी करणारा मोठा भाचा आणि मी. भिंगरी कोपऱ्यात बसली होती. काचेवर पाणी आणि कसलीशी पूड टाकून ती दगडाची एक चकती घासत होती. दगड इतका पातळ करायचा असतो की आरपार उजेड दिसला पाहिजे. खर्र, खर्र, खर्र. त्या आवाजानं माझ्या दाढा शिवशिवत होत्या, पण सांगणार कसं?

“सरकारनंच भरायला पाहिजे,” मेहुणे म्हणाले. “लिफ्ट कुणाची असते? अख्ख्या बिल्डिंगची. वरच्या मजल्यावरचा जास्त वापरतो म्हणून दुरुस्ती त्याच्या एकट्याच्या बोडक्यावर मारतात का?”

“पण तळमजल्यावाले काय म्हणतात, बाबा?” भाचा म्हणाला. “आम्ही लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, आम्ही का द्यायचे? आणि या घरातला तळमजला मी आहे. शाळा संपली की गोदामाला चिकटलो.”

“तुला कुणी अडवलं होतं?”

“मार्कांनी.”

सगळे हसले, भाचाही हसला, पण जरा उशिरा.

“जन्म दिलाय तर आईबापांनी भरायची,” बहीण म्हणाली.

“दगड शिकायला?”

“हो, दगड शिकायला! पाणी दगडाखालीच लागतं. उद्या नळ कोरडे पडले की हिलाच शोधत याल.”

“मग पगारही हिलाच मिळणार ना? ज्याला मिळणार त्यानं भरावं.”

“मिळाल्यावर भरेल. आत्ता काय दगड विकून भरू?”

खर्र, खर्र. मेहुणे माझ्याकडे वळले. “दादा, आपलं काय मत?”

या विषयावर मी बरंच वाचलं होतं. तीच अडचण. जो शेवटचा वाचला असेल त्याचंच मला बरोबर वाटतं. “दोन्ही बाजूंनी बोलता येईल,” मी म्हणालो.

“झालं! मामांनी निकाल दिला,” भाचा म्हणाला.

मेहुणे उठले, गुडघे झटकले. “बास. घरात वाद नको. फी आपण भरायची. विषय संपला.”

खर्र थांबलं. “आपण म्हणजे?” भिंगरीनं विचारलं.

“आपण म्हणजे आपण! एवढी शिकलेली पोरगी, हेही समजावून सांगायचं का?”

पुन्हा सगळे हसले. बहिणीनं चहा टाकला. मीही हसलो, कारण माझी सुटका झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी बँकेतून बरेच पैसे काढून एका पाकिटात ठेवले आणि मेहुणे माझा वाटा किती ते कधी सांगतात याची वाट पाहू लागलो. आपणहून विचारायला जीभ रेटेना. विचारलं असतं तर त्यांना वाटलं असतं, यांना माझ्या ऐपतीची शंका आहे. रोज सकाळी कपाट उघडायचो, पाकीट आहे ना पाहायचो, आणि पुस्तक घेऊन बसायचो. पानं उलटत होती, डोक्यात काही शिरत नव्हतं.

मग एका दुपारी बहिणीचा फोन. “दादा, तू फी भरलीस ना?”

“मी?”

“अरे देवा! विद्यापीठातून फोन आला होता. आज खिडकी बंद व्हायच्या आत भरली नाही तर हिला परीक्षेला बसू देणार नाहीत!”

“पण मी वाट पाहत होतो...”

“कसली वाट? तुझ्याकडे बघून म्हणाले ना हे, ‘आपण भरायची’? तुला ‘आपण’च म्हणतात ते. मला वाटलं, ते तुलाच सांगतायत आणि तू मान हलवलीस.”

मागून मेहुण्यांचा आवाज आला. “मी दादांना सांगेन? माझी काय छाती आहे? आपण म्हणजे आपण सगळ्यांनी मिळून! मला वाटलं, पोरगा गोळा करतोय.” आणि त्याच्याही मागून भाचा. “मी कशाला गोळा करू? मला वाटलं, आपण म्हणजे तुम्ही दोघं!”

“भिंगरी कुठे आहे?”

“फोन उचलत नाही. मैत्रीण म्हणते, बरेच दिवस प्रॅक्टिकलला आलेली नाही. कुठल्याशा फरशीच्या दुकानात दिसली होती.” बहिणीचा आवाज चिरकला. “दादा, तू तिकडे जवळ राहतोस. जा ना.”

पाकीट खिशात घातलं, बाहेर पडलो, गॅस बंद केला का ते पाहायला परत वर आलो, पुन्हा खाली उतरलो. रस्त्याच्या कोपऱ्यावर पाकीट चाचपलं. फरशीवाल्यांची अख्खी गल्ली आहे हे मला माहीत होतं, पण तिच्यातून मी कधी चाललो नव्हतो. प्रत्येक दारात पाणी, चिखल आणि करवतीचा आवाज. आत डोकवायचो, कुणी “या काका, काय दाखवू?” म्हटलं की ओशाळून पुढे सरकायचो.

शेवटी एका दुकानात ती दिसली. मागच्या भिंतीला लाद्या ओळीनं उभ्या होत्या, कपाटातल्या पुस्तकांसारख्या, आणि भिंगरी त्यांतली एक पुढे ओढून गिऱ्हाइकाला दाखवत होती. अंगावर रबरी एप्रन, भुवया भुकटीनं पांढऱ्या.

“तुमची भाची का?” गल्ल्यावरच्या मालकीणबाई म्हणाल्या. “कामाला वाघ आहे हो. पण गिऱ्हाइकाला खरं सांगते. ‘हा संगमरवर नाहीच’ म्हणते. अशानं माझे दिवस भरायचे!”

भिंगरी पुढे आली. “मामा? घरी सगळं ठीक ना?”

“फी,” मी म्हणालो. एवढंच सुचलं.

“जमतेय. निम्म्याच्या वर झालीय. महिनाअखेरीपर्यंत उरलेली होईल.”

“मुदत आज आहे.”

तिनं हात एप्रनला पुसले. पुसतच राहिली. “आज? मागच्या वर्षी महिनाअखेर होती.”

“पण तू कशाला भरतेस?”

“बाबाच म्हणाले ना? फी आपण भरायची. आपलं आपण. म्हणजे मी. मी विचारलंही, आपण म्हणजे? तर सगळे हसलात. मी म्हटलं, बरोबर आहे. विचारायलाच नको होतं.”

मी तिथल्या एका लादीला टेकलो. ती गार होती. या शब्दाचे तीन अर्थ फोनवर ऐकून आलो होतो, हा चौथा. आणि व्याकरणानं तोही चोख.

“आणि प्रॅक्टिकल?”

“इकडे आलं की तास बुडतो, तासाला गेलं की इकडचा दिवस बुडतो.” तिनं मान वळवली. “सर म्हणालेत, हजेरी भरली नाही तर जर्नलवर सही करणार नाही.”

“अगं, मग सांगायचं नाही?”

“कुणाला? आपल्याला?”

हा टोमणा होता आणि मला तो लागला. पाकीट बाहेर काढलं. “चल. सगळी मी भरतो.”

ती मागे सरली. “नको. मग मी पास झाले की बाबा म्हणणार, आपण पास झालो. आमचा दादा म्हणणार, मामांनी हिला शिकवलं. सगळं सगळ्यांचं. नापास झाले तर मात्र तेवढं माझं एकटीचं.” तिचा आवाज करवतीच्या वर चढला तशी मालकीणबाईंनी हात करून करवत थांबवली. एकदम शांत झालं. “तुम्ही एवढं वाचता, मामा. सांगा ना. खरंच, कुणी भरायची असते?”

गिऱ्हाईक, मालकीणबाई, करवतीवरचा माणूस, सगळे माझ्याकडे पाहत होते. मला वाटलं, ही म्हणते ते खरं आहे. मग वाटलं, एका सर्वनामापायी ही वर्ष घालवणार, आणि मी इथेही दोन्ही बाजू बघत उभा आहे.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. “पण खिडकी बंद होईल.”

ती हसली, नाक ओढत. एप्रनची गाठ सोडायला लागली. ओल्या दोरीची गाठ सुटेना, तेव्हा तिनं तो तसाच डोक्यावरून उपसून काढला.

“मावशी, आजपासून मी फक्त सुट्टीच्या दिवशी येईन.”

“नुसतं सुट्टीला येऊन मला काय उपयोग?”

“लोक फरशी बघायला सुट्टीलाच येतात, मावशी.”

मालकीणबाईंनी गिऱ्हाइकाकडे पाहिलं. मग गल्ला उघडून त्यांनी तिचे त्या आठवड्याचे आणि आजवर त्यांच्याकडे साठवलेले पैसे काढून दिले.

बसमध्ये आम्हाला जागा मिळाली, तरी ती उभीच राहिली. प्रत्येक सिग्नलला ती टाचा उचलायची, जणू तेवढ्यानं बस सुटणार होती. “माझे जेवढे आहेत ते आधी,” ती म्हणाली. “कमी पडतील ते तुमचे. पण परत देणार नाही हं.”

“नकोच देऊ.”

“म्हणजे ते उसने नाहीत. दिलेत. मग पुढं कधी बोलून दाखवायचं नाही.”

“मी काय बोलून दाखवणार? मला कुठे बोलता येतं?”

“म्हणून तर तुमच्याकडून घेतेय.”

खिडकीचं शटर अर्धं खाली आलं होतं. भिंगरीनं त्याच्याखाली सरळ हात घातला. आतला कारकून वैतागून वाकला. “आत्ता उगवताय? द्या. भरणाऱ्याचं नाव?”

“दोन नावं चालतील?” मी विचारलं.

“लग्नाची पत्रिका आहे का? एक सांगा.”

भिंगरीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या भुवया अजून पांढऱ्या होत्या, त्यामुळे ती एकदम म्हातारी दिसली. जन्मभर मी पुस्तकं तपासली. त्यांत लेखकाचं नाव असतं, छापणाऱ्याचं असतं, चित्र काढणाऱ्याचं असतं. “तुझं सांग,” मी म्हणालो. “मला सवय आहे.”

तिनं आपलं नाव सांगितलं. इतक्या मोठ्यानं, की मागचे दोघं-तिघं वळून बघायला लागले.

पावती हातात पडताच ती पळायला लागली. मी मागे. “आता कुठे?”

“सरांकडे! ते निघायच्या आत!”

“हजेरीचं काय करणार?”

“ती नाही कुणाला भरता येत, मामा. ती माझी मलाच भरावी लागणार.” आणि मैदानापलीकडच्या इमारतीत ती दिसेनाशी झाली.

तिथं पोचेपर्यंत मला धाप लागली. प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर बसलो. वरच्या खिडकीतून बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. सरांचा आवाज चढला. तिचा खाली आला. मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. वर जावं का? जाऊन काय म्हणावं? मी कोण म्हणून सांगावं?

तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “मामा, तुम्ही जा! आजपासूनच बसायचंय, खालच्या वर्गाबरोबर. आता एक जरी दिवस चुकला तर संपलं म्हणाले.” डोकं आत गेलं. तेवढ्यात माझा फोन वाजला.

“फी भरली,” मी बहिणीला सांगितलं.

“कुणी भरली?”

ओठांवर ‘आपण’ आलं होतं. गिळलं. “तिनं. कमी पडली ती मी.”

“तिनं? तिच्याकडे कुठून आले? आणि मग आम्ही काय...” तिचा आवाज लांब गेला आणि मेहुण्यांनी फोन घेतला. तेही घाबरले होते, हे त्यांच्या जपून बोलण्यावरून कळत होतं. “दादा, आपण असं करा, आपण संध्याकाळी घरी या. तिच्या पुढच्या सगळ्या खर्चाचं आपण बघू.”

त्यांतलं पहिलं आणि दुसरं मी होतो. तिसऱ्याशी आलो तसा मी अडखळलो. एरवी हो म्हटलं असतं.

“मेहुणे,” मी म्हणालो. “ते शेवटचं आपण म्हणजे कोण?”

मी फोन कानाला लावून उभा राहिलो. वरच्या खिडकीतून आवाज यायला लागला होता. खर्र, खर्र, खर्र.