सरकारचं भेकर

हाल्याने कोयता उगारला तशी योगिता मेलेल्या भेकराच्या पुढ्यात आडवी आली.

"काका, हात लावू नको."

"कुत्र्यांनी मारलंय. आम्ही नाय."

"मेलेलंही सरकारचंच असतं. कायदा तसा आहे."

"आणि जिवंतपणी माझे वालात चरतं, तेव्हा कुणाचं?"

बांधावर जमलेले लोक हसले. त्या हसण्यात माया नव्हती. याच पाड्यावर योगिता लहानाची मोठी झाली होती. या काकाच्या खांद्यावर बसून तिने तलासरीचा बाजार पाहिला होता. दोन वर्षांपूर्वी ती वनरक्षक झाली आणि अंगावर खाकी चढल्यापासून तिला कुणी घरात बस म्हणेनासं झालं.

दुपारी डहाणूहून पशुवैद्य आले. त्यांनी भेकर उघडून तपासलं, मानेवरच्या सुळ्यांच्या खुणा पाहिल्या, कागद भरला.

"कुत्र्यांचंच काम आहे. आता जाळून टाका. राख होईपर्यंत इथून हलायचं नाही," एवढं सांगून ते जीपमध्ये जाऊन बसले.

जाळायला लाकूड हवं होतं. योगिताने शेजारच्या पुतळीकडे मागितलं.

"आम्ही मोळी आणली तर तूच केस करतेस," पुतळी दारातूनच म्हणाली. "आता तुझे भेकराचं सरण आम्ही रचू?"

पुढच्या घराने तिला येताना पाहून दार लोटून घेतलं. शेवटी ती आईच्या घरामागे गेली आणि चुलीसाठी रचलेलं जळण दोन खेपांत उचलून आणलं. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

आधी केस जळल्याचा उग्र दर्प सुटला. मग चरबी ठिबकू लागली, जाळ फुरफुरला, आणि भाजल्या मांसाचा वास पाड्यावर पसरला. पोरं बांधावरून एकेक पाऊल पुढे सरली. आयांनी त्यांना मागे ओढलं. हसणं केव्हाच थांबलं होतं.

योगिता काठीने निखारे सारत राहिली. सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. लहानपणी असा वास आला की सगळ्यांच्या आधी ती पान मांडून बसायची, आणि काळजाचा तुकडा काका तिलाच पहिला द्यायचा. तिने वाऱ्याकडे तोंड फिरवलं. तरी तोंडाला सुटलेलं पाणी गिळावंच लागलं.

समोर उकिडव्या बसलेल्या हाल्याने ते पाहिलं. तो उठला, जाळाला वळसा घालून तिच्याजवळ आला.

"गिळलंस ना?" तो म्हणाला, बांधावर ऐकू जाणार नाही इतक्या हळू. "तेही लिही कागदात."

योगिताने मान खाली घातली आणि हाडांवर आणखी एक लाकूड ठेवलं.