तेंदूच्या काळजाचा पेन

मित्रांनो, मी एक जुना शाईचा पेन आहे. लिहिणे हे माझे काम. बोलणे मला कधी जमले नाही. त्यामुळे ही हकीकत नीट सांगता येईल की नाही, याची मला शंकाच आहे. काही चुकले तर सांभाळून घ्या.

पेन होण्याआधी मी आंबागडच्या डोंगराखालच्या रानात तेंदूचे झाड होतो. तेंदूच्या पानांच्या विड्या होतात, हे तुम्हाला माहीत असेल. पण एखाद्या फार म्हाताऱ्या तेंदूच्या पोटात काळेभोर, दगडासारखे लाकूड असते. ते त्याचे काळीज. एका वादळात मी पडलो आणि माझ्या काळजाचा एक वीतभर तुकडा तुमसरच्या हिरालाल खरादीकडे आला. हिरालाल लाटणी, भोवरे, पाळण्याचे खांब करी. असे लाकूड कशासाठी वापरावे ते त्याला सुचेना. त्याने मला सात वर्षे फळीवर ठेवले. तिथे पडून मी रानाची स्वप्ने पाहत असे. मला वाटे, माझ्यावर अजून पाने आहेत आणि त्यांतून वारा जातो आहे.

१९८३ च्या उन्हाळ्यात सिहोऱ्याचे टिकाराम गुरुजी दुकानात आले. लकव्याने त्यांच्या उजव्या हाताची बोटे अधू झाली होती. बारीक पेन बोटांतून निसटे. गुरुजी एका वहीत धानाच्या जुन्या जातींची नावे उतरवत होते. नवे बियाणे आले होते, जुनी धाने बांध्यांतून, म्हणजे भातखाचरांतून, नाहीशी होत होती. ती सारी नावे ज्यांना ठाऊक होती, त्या गावातल्या गोदावरीबाई आता ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या.

"दुसऱ्याकडून लिहून घ्या ना, गुर्जी," हिरालाल म्हणाला.

"घेतलं होतं. जावई शिकलेला हाय. म्हातारीनं दहा नावं सांगतली, त्यानं एका ओळीत 'विविध प्रकारचे तांदूळ' लिहून देल्लं."

हिरालाल पोट धरून हसला. मग त्याने गुरुजींचा हात हातात घेऊन बोटे मिटवून पाहिली आणि फळीवरून मला उचलले.

त्याने मला जाड, आतून पोकळ करून हलका, मधे किंचित फुगीर असा कातला. निब, तिच्याखालची जीभ आणि पेच एका मोडक्या पेनातून काढून बसवले. पण शाई भरताच मी ती पिऊन टाकली आणि माझ्या अंगाला बारीक भेग गेली. मला फार ओशाळल्यासारखे झाले. एवढ्या मोठ्या झाडाचे काळीज, आणि चमचाभर शाई धरता येईना.

गुरुजींचे घर बौद्ध. त्या आठवड्यात त्यांच्याकडे जपानचे एक वृद्ध भन्तेजी उतरले होते. त्यांचे भिक्षापात्र लाकडाचे होते, पण तळ्याच्या पाण्यासारखे चकाकत होते. त्यांच्या देशात एका झाडाला चिरा पाडून चीक काढतात आणि त्याचे पातळ हात लाकडावर देतात. पात्र दुरुस्त करायला आणलेल्या नळीत थोडा चीक उरला होता. तो त्यांनी माझ्यासाठी दिला. भेग भरून निघेल, म्हणाले. एक गोष्ट मात्र त्यांनी खुणा करून तीनदा सांगितली. गुरुजींनी ती हिरालालच्या कानावर घातली.

"वल्या फडक्याच्या पेटीत, अंधारात ठेवाचा. तवाच सुकते म्हणतेत."

"वल्यात सुकते?" हिरालाल म्हणाला. "मंग आपण धान आंगणात कायले वाळू घालतो, गुर्जी? बोडीच्या पाण्यातच टाकू ना."

"मले सांगतलं तसं तुले सांगून राहिलो."

हिरालालने मान हलवली आणि गुरुजींची पाठ वळताच मला आतून-बाहेरून चीक लावून कौलांवर उन्हात ठेवले. आपल्या मुलखात धान उन्हात वाळते, मोहफुले उन्हात वाळतात, लाकूडही उन्हातच वाळते. त्याचे तरी काय चुकले? बारा दिवस मी वैशाखाच्या उन्हात पडून राहिलो. धूळ चिकटली, मुंग्या चिकटल्या, पण मी काही सुकलो नाही. हिरालालच्या हातांवर मात्र फोड उठले.

त्याची बायको पार्वताबाई हातांना खोबरेल लावत म्हणाली, "भिलाव्याचा बिब्बा उतल्यावानी झालं. आता तरी भन्तेजीचं आयका."

"तीस साल झाले मले खरादीवर. तूच शिकव आता."

"मी कायले शिकवू? मी तं मिलमधी धान उकडतो. पन त्या सुकलेल्या मुंग्या तुमाले हासून राह्यल्या, येवढं दिसते मले."

हिरालालने मला कौलांवरून खाली काढले. पार्वताबाईने एका लाकडी पेटीत ओले पोते अंथरले. हिरालालने हाताला फडके गुंडाळून मला पुसले, घासले, उरलेल्या चिकाचा पातळ हात दिला आणि पेटीत ठेवून झाकण लावले.

मित्रांनो, ते दिवस मला कसे सांगावेत कळत नाही. आत अंधार होता, गारवा होता. अंगावरचा चीक हळूहळू घट्ट होत होता, आणि त्याच्या झाडाचा डोंगर माझ्या स्वप्नात येत होता. तिथे धुके होते. माझ्या स्वप्नातले तेंदूचे रान बहुधा त्या झाडालाही दिसत असावे. एकमेकांची भाषा न येणारी दोन झाडे त्या पेटीत शेजारी उभी होती. चार वेळा हात दिला, चार वेळा पेटी मिटली. शेवटी कोळशाच्या बारीक पुडीने घासून हिरालालने मला उजेडात धरले, तेव्हा माझ्यात त्याचा चेहरा दिसत होता. या वेळी शाई भरली, आणि ती माझ्या पोटात शांत राहिली.

गुरुजींनी मला हातात घेतले. मी निसटलो नाही. ते मला घेऊन तडक गोदावरीबाईंकडे गेले. पण त्या पंधरवड्यापासून तापाने अंथरुणावर होत्या. मधेच शुद्ध हरपे. त्या बोटांची पेरे मोजत नावे सांगू लागल्या. चिन्नोर, लुचई, काळी कमोद, हिरानक्खी. मी कापत-कापत, पण म्हातारीच्या तोंडून येई तसेच लिहीत गेलो. सव्वीस नावे झाली. सत्ताविसाव्या पेरावर त्यांचे बोट थांबले.

"ते नाई का... बोडीच्या काठाचं... खीर केली का घरभर वास..."

"निवांत आठव, माय," गुरुजी म्हणाले. "मी जागा सोडून ठेवतो."

गोदावरीबाई आषाढात गेल्या. त्यांना ते नाव आठवले नाही.

पुढे एकदा हिरालाल सिहोऱ्याला आला. माझे अक्षर पाहायची त्याला हौस होती. पान पाहता पाहता तो म्हणाला, "हे एक ओळ खाली काहून सोडली, गुर्जी?"

"एक नाव म्हातारीले आठवलं नाई. ताप डोक्यात गेला होता. ताप यायच्या आधी मंगळवारच्या बाजारात भेटली तं सारेच नावं सांगत होती."

हिरालालने तो बाजाराचा मंगळवार मनात मोजला असावा. त्या दिवशी मी कौलांवर होतो; आधीच पेटीत गेलो असतो, तर कदाचित गुरुजींच्या हातात असतो. गुरुजींनी त्याला दोष दिला नाही. कदाचित त्यांना ते ठाऊकही नसेल. हिरालालने त्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवले. मग उठला आणि पाणी न पिता गेला.

गुरुजींनी माझ्याकडून अजून तीन वह्या लिहून घेतल्या. आता ते नाहीत. त्यांची सून चंद्रकला मला मऊ कापडात गुंडाळून ठेवते. ती माझी फार काळजी घेते. मी कृतघ्न नाही, पण एक मागणे आहे. मला नाही जपले तरी चालेल. तुमच्या घरात, शेजारी कोणी म्हातारे माणूस असेल. ज्याचे नाव, ज्याची रीत फक्त त्यालाच ठाऊक आहे, असे काहीतरी त्याच्यापाशी असते. ते आजच विचारा, आणि त्याने सांगितले तसेच लिहून घ्या. पेन कसलाही चालेल. उद्या विचारू, असे म्हणू नका. ती कोरी ओळ कशी भरावी, हे मला अजून कळलेले नाही.