गंजली होती पिन, मी नव्हे!

मित्रांनो, मी एक जुना कॅलिपर आहे आणि जुना म्हणवून घ्यायची मला मुळीच लाज वाटत नाही. मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकाआड माझे घर. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते. चालकाने ब्रेकवर पाय दिला, की मी दोन पॅडांच्या चिमटीत ती तबकडी आवळून धरतो. पळणाऱ्याचे कौतुक सगळेच करतात. पण थांबवणारा नसेल, तर पळायची हिंमत कोण करील?

वितळलेल्या लोखंडातून मी साच्यात उतरलो आणि दोन दारांच्या, बुटक्या, लाल स्पोर्ट्स गाडीला बसलो. ती घेतली भूमितीच्या एका मास्तरांनी. त्यांनी लग्न केले नाही, घर बांधले नाही. गाडी मात्र घेतली. लोक हसले. मास्तर वळण असे घेत, जणू कंपासने कंस काढावा! दर सुट्टीत ते चाक काढून मला ब्रशने घासत. ते माझे सोन्याचे दिवस.

पुढे मास्तरांच्या हातांना कंप सुटला. गाडीवर ताडपत्री पडली, ती सहा वर्षे. मास्तर भावाच्या घरी खिडकीशी बसून राहू लागले. घरातली माणसे आम्हा दोघांबद्दल एकाच सुरात बोलत, "आता यांच्याच्यानं काय होणार?" ते मला फार झोंबे.

एके सकाळी मास्तरांच्या पुतणीने ताडपत्री ओढून काढली. ती बस चालवते. नवी बॅटरी घालून तिने गाडी रस्त्यावर आणली. शाळेजवळच्या उतारावर ब्रेक दाबला आणि गाडी एकदम उजवीकडे ओढली गेली. समोरचा सायकलवाला हातभर अंतराने वाचला. मी ज्या पिनांवर सरकतो, त्या गंजून घट्ट बसल्या होत्या. उजवीकडचा जोडीदार आवळत होता आणि मी जागीच अडलो होतो.

घरी तिचे वडील, म्हणजे मास्तरांचे धाकटे भाऊ, कडाडले, "बास! उद्याच भंगारात देतो. कुणाचा तरी जीव घेईल ती."

"गाडीत खोट नाही, बाबा. ब्रेक अडकलाय."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"रोज पन्नास माणसं घेऊन तोच उतार उतरते मी. मला नाही कळणार, तर कुणाला?"

खिडकीतून मास्तरांचा आवाज आला, "माझी खुर्ची अंगणात आणा."

मास्तर सांगू लागले, पुतणी करू लागली. "नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नकोस, खाली स्टँड लाव... कॅलिपरला ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नकोस, तारेनं बांध." माझे आतले पॅड कागदासारखे झिजले होते, बाहेरचे जाडजूड. वरची पिन काही केल्या हलेना.

"नाही निघायची ती," बाबा हाताची घडी घालून म्हणाले.

तीनदा तेल सोडले, हलके ठोके दिले, तरी ती हटूनच! मीही इरेला पेटलो. अखेर करकरत निघाली एकदाची. मग बाबांनीच पुढचा पाना तिच्या हाती दिला.

नव्या पिना आल्या, नवी रबरे, नव्या क्लिपा. ब्रेकचे तेल बदलले. पॅड दोन्ही चाकांना नवे घातले.

"पिनांना ग्रीस मी लावणार," मास्तर म्हणाले.

"दादा, हात थरथरतोय तुझा," बाबा म्हणाले.

"थरथरू दे. सगळीकडे नीट लागेल!"

तिघेही हसले.

पेडल कडक होईपर्यंत दाबून, अंगणात हळूहळू दोन फेऱ्या मारून, मास्तरांना शेजारी बसवून पुतणी त्याच उतारावर आली. "आता!" मास्तर म्हणाले. मी नव्या पिनांवर सरकलो आणि तबकडी धरली. गाडी पट्टीने आखल्यासारखी सरळ थांबली.

"झालं, मोठे काका. घरी जायचं?"

"छे! पुन्हा वरून."

मित्रांनो, आमची कीव करू नका, आणि आमच्यावर आंधळा भरवसाही ठेवू नका. भंगाराचा रस्ता दाखवण्याआधी एकदा चाक काढा, कुठे अडले ते बघा, घासा, तेलपाणी करा. तेवढे करा, आणि मग आणा मला कुठल्याही उतारावर!