मागचं टोक बाबांचं

मी एक जुनी होडी आहे, पण पाण्यापेक्षा गाडीच्या टपावर जास्त राहिलेली. तेही पालथी पडून.

मित्रांनो, होडी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे लाकूड येईल, शीड येईल. माझं तसलं काही नाही. मी प्लास्टिकची. साच्यात भुकटी टाकली, आगीवर साचा गरगर फिरवला आणि मला बाहेर काढलं. तुमच्या गच्चीवरची पाण्याची टाकीही अशीच जन्मते, म्हणजे ती माझी सख्खी बहीण. ती जागेवर बसून मान मिळवते, मला हिंडावं लागतं. अकरा फूट लांबी, हिरवा रंग, एकाच माणसाची बैठक, गळाच्या काठ्या खोचायला दोन भोकं आणि सामान ठेवायला झाकणाचं एक मोठं भोक, एवढाच माझा संसार.

मला आणलं संघपालने. तो जालना एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. दर रविवारी मला टपावर चढवायचं, वाटूर फाट्यावर चहा प्यायचा आणि पुढे धरणाच्या पाण्यात गळ टाकून बसायचं, हा त्याचा नाद. मी हिशेब चोख ठेवते. पहिल्या वर्षी रविवार एकेचाळीस, मासे सतरा. निसटलेले मासे वेगळे. ते, त्याच्या सांगण्यावरून, सगळेच या सतरांपेक्षा मोठे होते.

मला उचलायला दोघं लागतात. पुढचं टोक संघपालचं, मागचं त्याच्या वडिलांचं. सर्जेरावांनी बत्तीस वर्षं रोलिंग मिलमध्ये सळयांच्या मोळ्या ट्रकवर चढवल्या आणि बांधल्या. त्यांनी बांधलेली मोळी नागपूरपर्यंत बोटभरही हलत नसे, हे त्यांनी मला निदान तीस वेळा सांगितलं. ऐकायला दुसरं कुणी नसायचं. निवृत्तीनंतर घरात त्यांना कुणी काही काम सांगेना. भाजी सून ज्योत्स्ना आणायची, बिलं मुलगा फोनवरून भरायचा. आठवड्यातून एकदाच हाक यायची, "बाबा, या, धरा!" आणि सर्जेराव चप्पल न घालताच अंगणात यायचे.

वाटूर फाट्यावर चहावाला बद्रीनाथ आम्हाला पाहिलं की सुरू व्हायचा. "सर्जेरावमामा, कुठं पूर आला का काय? हितं प्यायला पानी न्हाई, अन् तुम्ही होडी घेऊन फिरून राह्यले!"

"तुझ्या चहात सोडून बघतो," सर्जेराव म्हणायचे. "पानीच पानी हाय त्यात."

एप्रिलमधला तो रविवार मला विसरता येत नाही. अकराचं ऊन होतं. परतताना संघपाल फोनवर बोलत होता. तो हातानेच म्हणाला, तुम्ही बांधून टाका. माझे दोन चपटे पट्टे असतात, ते फक्त हाताने ओढून बसवायचे. सर्जेरावांना ते नाडीसारखे वाटले. त्यांनी डिक्कीतला जाड दोर काढला, माझ्या पोटावरून घेतला, त्यात दांडकं घातलं आणि पीळ देत गेले. मिलमध्ये मोळी अशीच आवळतात. लोखंडाला त्याचं काही वाटत नाही. मी उन्हाने मऊ पडले होते. वाटूर येईपर्यंत दोर माझ्या पोटात रुतला आणि हातभर पोचा पडला.

संघपाल गाडीतून उतरला आणि पाहतच राहिला. "बाबा, हे काय करून ठेवलं?"

"बांधली म्या. लूज ऱ्हायली अस्ती तं उडाली अस्ती."

"अहो, ही सळयांची मोळी न्हाई, प्लास्टिक हाय हे!"

"जीव काढला की मामा होडीचा," बद्रीनाथ म्हणाला. बाकावरची माणसं हसली. ती रोजच हसतात, पण त्या दिवशीचं हसणं संघपालला लागलं.

"आता बिलकुल हात लावू नका हिला. माझं मी बघून घेतो."

सर्जेरावांनी दांडकं सोडवलं, दोराचं वेटोळं केलं आणि गाडीत जाऊन बसले. चहा तसाच राहिला.

मी कुणाची बाजू घेत नाही. पोचा खरा होता. पाण्यात मी डावीकडे ओढू लागले, चूकही सर्जेरावांचीच होती. पण पुढच्या रविवारपासून संघपाल मागच्या काचेवर जुनी सतरंजी टाकून मला एकटाच ढकलत वर घ्यायला लागला. ज्योत्स्ना म्हणाली, "अहो, बाबांना हाक मारा की." तो धापा टाकत म्हणाला, "कशाला? होऊन राह्यलं न माझं." सर्जेराव फाटकाजवळ खुर्ची टाकून बसलेले असायचे. पायात चप्पल असायची.

मग एका दुपारी, मुलगा कारखान्यात असताना, ते माझ्याकडे आले. मला कुशीवर झोपवलं, पोच्यावर बादलीतलं कढत पाणी हळूहळू ओतलं, झाकणाच्या भोकातून आत हात घातला आणि तळव्याने आतून रेटत बसले. "तापलं का ऐकतं समदं," ते मला म्हणाले. दोन दिवसांनी पुन्हा तेच. आमच्या गल्लीत आठ दिवसांनी नळ येतो. घरात पाण्याच्या तांब्यातांब्यावर बायकांची नजर. हे पाणी कुठून येतं, याचं मला नवल वाटायचं. मे गेला, जून गेला; धरण आटल्याने आमचे रविवारही बंद होते. पोचा वीतभर राहिला, मग चार बोटं, मग काहीच नाही.

जुलैत धरणात पाणी आलं तेव्हा संघपालने मला उलटवलं आणि आनंदाने ओरडला, "ज्योत्स्ना, बघ! पोचा आपोआप निघाला! कंपनीचा माल म्हणजे माल हाय!"

सर्जेराव खुर्चीतून अर्धवट उठले होते. त्यांना वाटलं, आता हाक येणार. हाक आली नाही. ते परत बसले.

मी ओरडू शकले असते तर ओरडले असते. पण मला ऊन लागतं, वारा लागतो, तोंड मात्र नाही.

ऑगस्टमध्ये, एका दुपारी, त्याच खुर्चीत सर्जेराव गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं.

त्यांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाला अंगणात वंदना झाली, लोक जेवले. बद्रीनाथ वाटूरहून आला होता. बोलायला काही सुचेना, म्हणून त्याने माझ्याकडे पाहून विचारलं, "दादा, तो पोचा कसा काढला मंग?"

"आपोआप निघाला," संघपाल म्हणाला.

दारात बसलेल्या बेबीनंदाबाईंनी, सर्जेरावांच्या बायकोने, मान वर केली. "आपोआप? आरं, दोन महिने तुझा बाप आपल्या आंघोळीचं पानी तापवून तिच्यावर वतत व्हता. म्या भांडले, का आंघोळ काहून न्हाई केली. तं म्हने, मला गरम न्हाई व्हत. तुला सांगू नको म्हनले. म्हने, नीट झाली का हाक मारंल तो."

संघपाल उठला. लोकांदेखत माझ्याजवळ येऊन गुडघ्यांवर बसला आणि माझ्या पोटावरून हात फिरवू लागला. पुढून मागे, मागून पुढे. "हितंच होता न गं?" त्याने ज्योत्स्नाला विचारलं. "का जरा खाली?" तिलाही सांगता येईना. बद्रीनाथनेही वाकून पाहिलं. सर्जेरावांनी काम इतकं साफ केलं होतं की बोट ठेवायला कुठे रेघसुद्धा उरली नव्हती.

मित्रांनो, तेव्हापासून संघपालने मला टपावर चढवलं नाही, मी या भिंतीला टेकून आहे. उन्हाने माझा रंग उडालाय, त्याचं दुःख नाही. मागणं एकच आहे. तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस हातात काम नाही म्हणून बसून असेल, तर त्याला आज हाक मारा. काम थोडं बिघडेल. बिघडू द्या.