नर फुलं

काल्याच्या कीर्तनात बुवांच्या मागं टाळ घेऊन उभं राहायचं, एवढंच दानेश्वरीला हवं होतं. मंद्रूपच्या शाळेत कीर्तीबाईंनी सहावीच्या पोरांना परसबागेत लाल भोपळा लावायला दिला, तेव्हाच सांगितलं होतं, "ज्याचा भोपळा आधी धरेल, त्याचा सप्ताहाच्या महाप्रसादाला जाईल. टाळकऱ्यांत उभं राहायचा मानही त्यालाच." दोघांचेच वेल जगले, तिचा आणि विरेशचा.

एका सकाळी तिचा वेल मुळासकट उपटलेला दिसला. विरेशच्या नखांत ओली माती होती. विचारलं तर हसला. "उंदरानं उपटला असंल की, दाने."

ती रडली नाही. बाईंचा धडा तिला पाठ होता. नर फूल लांब देठाचं. मादी फुलाच्या बुडाशी इवलासा भोपळा. नराचा पराग मिळाला नाही, तर तो पिवळा पडून गळतो. शाळेत आता विरेशचा एकच वेल उरला होता. रोज प्रार्थनेआधी ती त्याची नर फुलं तेवढी खुडायची. पानाला धक्का लावायची नाही. एकादशीच्या कीर्तनात बुवा क्षमेवर रंगले, तेव्हा तिनं मनापासून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा खुडलं.

विरेश शेणखत घालून, पाणी घालून दमला. भोपळे गळतच राहिले. शेवटी त्यानं तिला वेलापाशीच धरलं. तिच्या हातात नर फूल होतं.

"तूच व्हय? लई दुष्ट हायस!"

"आन् तू कोण, संत लागून गेलास?"

वेलावर एकच मादी फूल उमललं होतं. त्यानंतरचा भोपळा सप्ताहापर्यंत तयार होणार नव्हता.

"दे की ते हातातलं फूल. पाया पडतो."

"पाया नको पडू. प्रार्थनेला समद्यांसमोर सांग, वेल मी उपटला म्हणून. लगेच देते."

घंटा झाली. रांगा लागल्या. विरेश बाईंपर्यंत गेला, तोंड उघडलं, आणि "बाई, पाणी प्यायला जाऊ?" एवढं विचारून परत आला.

ऊन चढलं. वेलावरचं फूल मिटायला लागलं.

"उद्या सांगतो, देवाशपथ."

"उद्या हे उमलत न्हाय."

तिनं मुठीतलं फूल त्याच्यासमोर तोंडात घातलं आणि सावकाश चावून खाल्लं.

काल्याला भोपळा बाजारातून आला. टाळ दोघांच्याही हाती नव्हता. दानेश्वरी बायकांत बसून सगळ्यांत मोठ्यानं विठ्ठल विठ्ठल म्हणत होती, आणि मधूनच मान वळवून विरेश रडतोय का ते बघत होती.