सरांचा पाय

महिपती सरांची गाडी मे महिन्यात माझ्या वाघोलीच्या गॅरेजला आली, तेव्हा सर जाऊन दोन महिने झाले होते. त्यांच्या पत्नी सत्यशीलाबाई ती स्वतः चालवत आल्या. सोळा वर्षांची जुनी पेट्रोल गाडी, पण पुसून लख्ख. सर गणिताचे मास्तर. सदाशिव पेठेतून इकडे फ्लॅटवर राहायला आले तेव्हा सामानाबरोबर तिथली तिरकी जीभही घेऊन आले. मला ते आवडायचे. म्हणूनच बाईंना दारात पाहिल्यावर मी पाना उचलून दुसऱ्याच गाडीखाली शिरलो.

"रतन, बाहेर या," बाई म्हणाल्या. "मी ओरडायला आलेले नाही."

ओरडायचा त्यांना हक्क होता. दिवाळीनंतर सरांनी हीच गाडी माझ्याकडे आणली होती. तक्रार एकच, चालता चालता मधेच बंद पडते आणि दहा मिनिटांनी काही झालंच नाही अशी सुरू होते. रोज नाही, कधीतरी. असल्या गाड्या मेकॅनिकच्या डोक्याला ताप. घरी रडतात आणि गॅरेजमध्ये शहाण्यासारख्या वागतात. मी दोन दिवस सकाळच्या थंडीत ती लोहगावच्या रस्त्याला फिरवली. एकदाही अडखळली नाही. खरं सांगतो, मला शोधायचा कंटाळा आला. मी बाईंसमोरच म्हणालो, "सर, गाडीत काय बी न्हाई. तुमचा पाय क्लचवर नीट पडत न्हाई. वय झालं आता."

"असं? मग पाय सर्व्हिसिंगला टाकून जाऊ का?" सर म्हणाले. आम्ही तिघंही हसलो.

आता बाई स्टुलावर बसल्या आणि मार्चमधल्या त्या दुपारचं बोलल्या. सरांना छातीत जड वाटत होतं. अॅसिडिटी असेल म्हणाले, पण जायचं ते पेठेतल्या आपल्याच डॉक्टरांकडे, आणि गाडीही आपणच चालवायची. येरवड्याच्या सिग्नलला गाडी बंद पडली. मागे हॉर्न सुरू झाले.

"मी खेकसले त्यांच्यावर," बाई म्हणाल्या. "म्हटलं, पाडलीत ना परत बंद? पाय नीट ठेवता येत नाही, तर चालवायची हौस कशाला? ते किल्ली फिरवत होते. म्हणाले, 'अगं, मी काही केलेलं नाही.' तेवढंच. मग मान खाली गेली. झटका मोठा होता, गाडी सुरू असती तरी वाचले नसते, असं डॉक्टर म्हणाले. त्याचं मी विचारतच नाही. मला एवढंच सांगा, ते खरं बोलत होते का?"

मी हात पुढे करून गाडीची किल्ली मागून घेतली.

चार दिवस मी त्या गाडीच्या मागे लागलो. प्लग बघितले, पेट्रोलचा पाइप बघितला, वायर न् वायर हलवून पाहिली. काही नाही. क्लचच्या पेडलचं रबर एका कडेला झिजलेलं, सरांच्या बुटाने. त्यावर पाय ठेवायला मला नको वाटायचं. आतला आरसा मी रोज सरळ करायचो आणि रोज सकाळी तो शेजारच्या सीटकडे वळलेला सापडायचा. सैल झाला असेल. तो स्क्रू मात्र मी तपासला नाही, धीर झाला नाही. किल्ली फिरवली की इंजिनाच्या आधी सरांचं 'मी काही केलेलं नाही' ऐकू यायचं. मला भीती वाटत होती, आणि ती भुताची नव्हती.

पाचव्या दिवशी बाई आल्या. "तुम्ही सकाळी फिरवता. ते दुपारी गेले. एसी लावून. मी शेजारी होते."

बरोबर होतं त्यांचं. मी पेट्रोलच्या पंपाला जाणाऱ्या वायरीवरून एक बारीक दिवा पुढे काढून स्टिअरिंगसमोर चिकटवला. दिवा पेटलेला असेपर्यंत पंपाला करंट आहे, एवढा साधा हिशोब. भर एक वाजता आम्ही निघालो. बाई शेजारी, पर्स मांडीवर घट्ट धरून.

येरवड्याच्या सिग्नलला मी न्यूट्रल केलं. इंजिन तापून घरघरत होतं. मग दिवा विझला. पुढच्याच क्षणी इंजिन थांबलं.

माझे दोन्ही पाय खाली होते, पेडलपासून लांब. बाईंनी ते पाहिले. बराच वेळ त्या माझ्या पायांकडेच बघत राहिल्या.

ढकलून गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. फ्यूजच्या डबीतला पंपाचा रिले, म्हणजे करंट चालू-बंद करणारा तो चौकोनी ठोकळा, मी उपटला. त्याच्याखाली आपट्याची दोन पानं निघाली. वाळून काळी पडलेली, लाल दोऱ्याने एकत्र बांधलेली.

दोरा माझा होता. दसऱ्याला मी गॅरेजमधल्या प्रत्येक गाडीला सोनं देतो. वायपरखालची पानं उडून जातात म्हणून डबीत ठेवायची, ही माझीच पद्धत. त्या दसऱ्याला सरांची गाडी सर्व्हिसिंगला होती. रिले पुसून परत दाबताना पानं खाली आली असणार, आणि तो पुरता बसलाच नाही. थंडीत तग धरायचा, तापला की कनेक्शन सोडायचा.

जुनी वायर होती, तुटली, असं म्हणालो असतो तर बाईंना कधीच कळलं नसतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

"बाई, सर खरं बोलत हुते," मी म्हणालो. "पाय बरोबर हुता त्यांचा. ही पानं माझी हायेत."

त्यांनी पानं हातात घेतली. "दसऱ्याला ह्यांनी दाखवलं होतं मला डबी उघडून. म्हणाले, रतन बघ किती मायेनं करतो." मग त्या शांतपणे म्हणाल्या, "मला नका सांगू. त्यांना सांगा."

त्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या. माझ्या शेजारची सीट रिकामी ठेवली.

मी रिले खटकन बसवला. गाडी एका किल्लीत सुरू झाली. वळसा घालून मी परत त्याच सिग्नलला आलो. लाल होता. रिकाम्या सीटकडे बघवेना, म्हणून वर बघितलं, तर आरसा तिकडेच वळलेला.

"सर," मी म्हणालो, "तुमच्या पायात काय बी खोट नव्हती. माझी चूक. माफ करा."

"अहो," मागून बाईंचा आवाज आला, "मीही चुकले."

सिग्नल हिरवा झाला. मी हललो नाही. मागे हॉर्न वाजायला लागले. सरांनी ऐकलं हे कळायला गाडी आत्ता एकदाच बंद पडावी, असं मला फार वाटलं. स्टिअरिंगसमोरचा दिवा पेटलेलाच होता आणि इंजिन सुरू होतं.