दुसरी पाळी

दीप्ती ओव्हाळ कल्याण पूर्वेला कानाच्या डॉक्टरांकडे कामाला होती. पेशंटला हेडफोन लावायचे, बारीक आवाज सोडायचे आणि कोणत्या कानाला किती ऐकू येतं ते तपासायचं. एका शनिवारी बाकावर बसलेला तरुण आत आला, पण हेडफोन घेईना.

"मॅडम, माझे कान ठीक आहेत. मी सलिल, दिव्याहून आलोय. 'दुसरी पाळी' तुमची ना?"

दीप्ती खुर्चीत बसली. हे नाव कोणाच्या तोंडून ऐकून जमाना झाला होता.

कॉलेजात असताना तिने कीबोर्ड आणि उसनं आणलेलं एक ताल-यंत्र घेऊन कोळसेवाडीच्या खोलीत ती टेक्नोची धून केली होती. बाबा भिवंडीला यंत्रमागावर दुसऱ्या पाळीला जायचे. त्यांच्या डब्याच्या पिशवीत टेपरेकॉर्डर घालून तिने मागाची खटखट उतरवून घेतली, तोच धुनेचा ठेका. चुलतभाऊ प्रफुल्ल ठाण्यात साउंडचा धंदा करायचा. तो पार्ट्यांना ही कॅसेट लावायचा आणि लोक बेभान नाचायचे. लोकांना वाटलं, धून प्रफुल्लचीच. त्याने कधी होय म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. पुढे ताल-यंत्र परत गेलं, नोकरी लागली, बाबा गेले. नवीन काय केलंस, असं कोणी विचारलं नाही आणि तिनेही केलं नाही.

"प्रफुल्लकाकांकडे जुन्या कॅसेट बघायला गेलेलो," सलिल म्हणाला. "ते म्हणाले, मी नुसती वाजवली, केली आमच्या दीप्तीने. मी रिमिक्स केलंय. ठाण्यात रविवारी दुपारी पार्टी असते, तिथे वाजवायचंय. पण तुम्हाला न विचारता नाही."

त्याने मोबाइल पुढे केला. दीप्तीने हेडफोन लावले. ढोलासारखा जाड ठोका छातीत उतरला. ऐकायला मस्त होतं. तरी तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"खटखट कुठे गेली?"

"ती खरखर? ती साफ केली. आणि ठेका मध्येच मागेपुढे होत होता, तोही सरळ केला."

"अरे, ती खरखर नाही. माझे बाबा माग चालवतायत."

सलिलचा चेहरा पडला. "सॉरी मॅडम. खरंच माहीत नव्हतं."

पुढच्या रविवारी तो लॅपटॉप आणि प्रफुल्लकडची मूळ कॅसेट घेऊन घरी आला. दीप्तीला वाटत होतं, जसं होतं तसंच राहू द्यावं. सलिलने तसं लावून दाखवलं. ते खूपच केविलवाणं वाटलं.

"आता मोठ्या स्पीकरवर हे हरवून जाईल," तो हळूच म्हणाला. "खाली जाड ठोक्याचं वजन हवं."

"घाल वजन. पण माग सरळ करू नकोस. धागा तुटला की बाबा थांबायचे, ते थांबणं राहू दे."

"मग लोक नाचता नाचता अडखळतील."

"अडखळू देत की."

दुपार वादातच गेली. शेवटी मागाच्या अवतीभवती त्याचा जाड ठोका बसला, पण आता तिची कीबोर्डवरची सुरावट मध्ये लुडबुड करायला लागली. सलिलला ते कळत होतं, पण त्याची बोलायची हिंमत होईना. दीप्तीनेच सांगितलं, "ती काढून टाक."

"अहो, पण तेच तर तुमचं आहे!"

"ते एकोणीस वर्षांच्या पोरीचं आहे. छान होतं, पण आता नको. काढ."

त्यानंतरच्या रविवारी ठाण्याच्या त्या पार्टीच्या हॉलमध्ये ती आईला, भीमाबाईंना, घेऊन गेली. भीमाबाई कानात मशीन घालून भिंतीलगतच्या खुर्चीत बसल्या. सलिलने माइकवर दीप्तीचं नाव घेतलं आणि 'दुसरी पाळी' सुरू केली. पोरंपोरी नाचू लागली. मग धागा तुटला. ठेका एकदम थांबला, हात वर राहिले, कोणीतरी हसलं. एवढ्यात माग पुन्हा चालू झाला आणि सगळा हॉल ओरडत उसळला. पुढच्या वेळी ठेका थांबला, तेव्हा सगळे आपणहून श्वास रोखून उभे राहिले.

भीमाबाईंनी लेकीचा दंड घट्ट धरला. "अगं, हा तर मागाचा आवाज."

"बाबांचाच आहे, आई."

म्हातारीने थोडा वेळ लक्ष देऊन ऐकलं. डोळे भरले, तरी म्हणाली, "पण तुझा बाप एवढ्या घाईत कधी नव्हता गं."

दीप्ती खळखळून हसली आणि गर्दीत शिरली. नाचता येत नव्हतं, तरी नाचली. प्रफुल्लदादा दारापाशी उभा होता. तो लोकांना बोटाने दाखवत होता, "ती बघा, तिने केलंय."

बाहेर रिक्षाची वाट बघताना सलिल म्हणाला, "मॅडम, अजून जुनं काही असेल तर सांगा. आपण तेही करू."

"जुनं काही नाही रे," दीप्ती म्हणाली. "तो लॅपटॉप कसा चालवायचा ते शिकव मला. डोक्यात एक नवीन घोळतंय."

"कधी येऊ?"

"उद्या ये. क्लिनिक सुटल्यावर."